पॅरालिम्पिकमधला भारत: १ मेडलवरून २९ पर्यंतचा लांबचा रस्ता

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये, भारताला २९ मेडल्स मिळाली, ७ गोल्ड, ९ सिल्व्हर, १३ ब्राँझ, टेबलमध्ये १८ वा नंबर. महिनाभर आधी त्याच शहरात आपली ऑलिम्पिक टीम ६ मेडल्स घेऊन परत आली होती आणि त्यात गोल्ड एकही नाही, मग लगेच सगळीकडे सुरू झालं की यांना जमतं तर त्यांना का नाही. मला ही तुलना मुळातच पटत नाही, पॅरालिम्पिकमध्ये ५४९ इव्हेंट्स होते, ऑलिम्पिकमध्ये ३२९, आणि दोन्हीकडचे गट, स्पर्धक, सगळंच वेगळं. तुलना करायचीच तर आपल्याच जुन्या पॅरा टीम्सशी करा, आणि मग दिसतं की बरीच वर्षं खेळाडू कमी पडत नव्हते, त्यांना पाठवणारेच कमी पडत होते.

सुरुवात आपल्या सांगलीकडच्या माणसापासून. मुरलीकांत पेटकर, पेठ इस्लामपूरचे, आर्मीत ईएमईमध्ये (वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) होते आणि बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि पोहणं असं जमलं की १९६८ ला तेल अवीवला टेबल टेनिस खेळून आलेला हा माणूस १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड करून गोल्ड घेऊन आला. ऑलिम्पिक म्युनिकला आणि पॅरालिम्पिक हायडेलबर्गला का, तर म्युनिकचं खेळाडूंचं गाव ऑलिम्पिकनंतर लगेच फ्लॅट म्हणून द्यायचं ठरलं होतं, व्हीलचेअरवाल्यांसाठी तिथे जागाच राहिली नाही. पेटकरांच्या प्रवासाला मदत केली ती क्रिकेटर विजय मर्चंट यांच्या संस्थेने. म्हणजे देशाचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं गोल्ड, आणि एकट्या खेळाडूने मिळवलेलं तसं गोल्ड त्याआधी आपल्याला ऑलिम्पिकमध्येसुद्धा नव्हतं, ते असं कुणाच्या तरी भल्या मनावर आलं.

आणि त्यानंतर काय, तर १९७६ आणि १९८० ला आपण टीमच पाठवली नाही. १९८४ ला परत गेलो आणि एकदम ४ मेडल्स, त्यातली ३ एकट्या जोगिंदर सिंग बेदींची (गोळाफेकीत सिल्व्हर, भाला आणि थाळीत ब्राँझ) आणि भालाफेकीत भीमराव केसरकरांचं सिल्व्हर. ही नावं आज किती जणांना माहीत आहेत हा प्रश्नच आहे. पुढे ८८, ९२, ९६, २०००, चारही वेळा शून्य.

२००४ ला अथेन्सला देवेंद्र झाझरिया आला, राजस्थानच्या चुरूचा, लहानपणी झाडावर चढताना करंट लागून डावा हात गेलेला. भाला ६२.१५ मीटर, वर्ल्ड रेकॉर्ड आणि गोल्ड. राजिंदर सिंग राहेलूला पॉवरलिफ्टिंगमध्ये ब्राँझ. आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला लागते, ती म्हणजे क्लासिफिकेशन. कुठलं अपंगत्व कोणत्या गटात ते आकड्याने ठरतं, हाताचं अपंगत्व असेल तर एफ४६ वगैरे, आणि प्रत्येक गटाचा प्रत्येक खेळ दर वेळी कार्यक्रमात असतोच असं नाही. एफ४६ चा भाला २००८ ला नव्हता, २०१२ लाही नव्हता. वर्ल्ड रेकॉर्डवाला माणूस पुढच्या पॅरालिम्पिकसाठी १२ वर्षं थांबला, २०१६ ला रिओला ६३.९७ फेकून परत गोल्ड आणि परत वर्ल्ड रेकॉर्ड, आणि टोकियोला चाळिशीत सिल्व्हर. माझ्या मते आपल्या अख्ख्या क्रीडा इतिहासात याच्याइतकं चिवट करिअर कमी आहे. याच क्लासिफिकेशनची दुसरी बाजूपण आपण टोकियोत बघितली, थाळीफेकीत विनोद कुमारचं ब्राँझ गेलं कारण तो त्या गटात बसत नाही असं ठरलं.

मधल्या काळात २००८ ला फक्त ५ जण गेले, मेडल नाही. २०१२ ला १० जण, उंच उडीत गिरीशाचं एक सिल्व्हर. त्यात आपली फेडरेशन, म्हणजे पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडिया, तिथे भांडणं इतकी की २०१५ ला आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक कमिटीने तिला सस्पेंड केलं, त्याच वर्षी गाझियाबादच्या नॅशनल स्पर्धेत खेळाडूंचे जे हाल झाले ते पेपरात फोटोसकट आलं होतं. रिओच्या आधी सस्पेन्शन उठलं म्हणून बरं, १९ जण गेले आणि ४ मेडल्स आली, त्यात थंगवेलू मरियप्पनचं उंच उडीतलं गोल्ड आणि दीपा मलिकचं सिल्व्हर, भारतीय बाईचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं मेडल.

रिओपर्यंत सगळं मिळून १२. मग टोकियोला ५४ जण गेले आणि एकाच खेपेत १९ आणली. टॉप्स (मेडलच्या आशेवरच्या खेळाडूंना मदत करणारी केंद्र सरकारची स्कीम) मधून पॅरा खेळाडूंनाही पैसे, कोच, परदेशी ट्रेनिंग मिळायला लागलं होतं, शिवाय बॅडमिंटन पहिल्यांदाच कार्यक्रमात आलं आणि आपल्याला त्यात ४ मेडल्स मिळाली, प्रमोद भगत आणि कृष्णा नागरची दोन गोल्ड त्यातच. शूटिंगमध्ये अवनी लेखराने गोल्ड मारलं, एवढंच म्हणतो कारण तिच्याबद्दल सगळ्यांनाच माहितीय. पॅरिसला टीम ८४ ची झाली. २९ पैकी १७ मेडल्स अ‍ॅथलेटिक्सची, हरविंदर सिंगचं तिरंदाजीतलं गोल्ड तर असं की ऑलिम्पिक धरूनही त्या खेळात आपल्याला आधी कधी मिळालं नव्हतं.

पॅरिसला एफ४६ गोळाफेकीत १६.३२ मीटरवर सिल्व्हर घेणारा सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा, म्हणजे परत सांगली जिल्हाच. गोळाफेकीत आपल्या पुरुषांना बेदींच्या १९८४ नंतर मिळालेलं हे पहिलं मेडल. जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती भवनात त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्याच कार्यक्रमात ८० वर्षांच्या पेटकरांना जीवनगौरवचा अर्जुन, हायडेलबर्गनंतर ५२ वर्षांनी.