जेडचं जुनं चिनी कोरीवकाम: घेण्याआधी आणि विकण्याआधी

आमच्या पेढीवर जेडची मूर्ती, वाटी किंवा पदक घेऊन येणारे बहुतेक जण विचारतात, "हे खरं आहे का?" यात दोन प्रश्न आहेत. दगड जेडचाच आहे का, आणि त्यावरचं काम जुनं आहे का? पहिल्याचं उत्तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळा देते. दुसऱ्याचं देत नाही, कारण दगड कधी कोरला हे सांगणारी खात्रीची चाचणी नाही. 'नैसर्गिक जेड' असं प्रमाणपत्र दाखवून कोणी वस्तू मिंगकालीन (चौदावं ते सतरावं शतक) म्हणून विकत असेल, तर तेच प्रमाणपत्र गेल्या महिन्यात कोरलेल्या तुकड्यालाही मिळतं, हे ध्यानात असू द्या.

दगड

जेड या नावाखाली नेफ्राइट आणि जेडाइट अशी दोन खनिजं येतात. चीनमध्ये हजारो वर्षं काम झालं ते नेफ्राइटवर. नावाजलेला पांढरा माल शिनजियांगमधल्या होतानच्या नद्यांतून यायचा. ब्रह्मदेशातलं हिरवंगार जेडाइट तिथे मोठ्या प्रमाणावर पोचलं ते अठराव्या शतकात. त्यामुळे हान काळातलं (सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं) म्हणून कोणी पाचूच्या रंगाचं जेडाइट पुढे केलं, की आमच्यापुरता विषय तिथेच संपतो.

घरी करण्याजोगी एक चाचणी आहे. वस्तूचं वजन करा, मग दोऱ्याला टांगून पूर्ण पाण्यात बुडवून पुन्हा करा. वजन जितकं घटलं, त्याने मूळ वजनाला भागा. ११८ ग्रॅमची वस्तू पाण्यात ७८ भरली तर घट ४०, उत्तर २.९५, म्हणजे नेफ्राइटशी जुळलं. जेडाइट ३.३ च्या आसपास येतं. जेड म्हणून खपवले जाणारे सर्पेंटाइन आणि रंगवलेलं क्वार्ट्झाइट हे दगड, तसंच साधी काच, साधारण २.५ ते २.७ मध्येच अडकतात. धातूची जडण असेल तर हा हिशेब चालत नाही.

चाकूने ओरखडून मात्र पाहू नका. क्वार्ट्झाइटवरही चाकू चालत नाही, आणि जमिनीत मुरून मऊ पडलेल्या अस्सल जेडवर कधीकधी चालतो. नुकसान तेवढं पदरात पडतं.

काम

जेड छिन्नीने कोरलं जात नाही, घासावं लागतं. जुना कारागीर पायाने फिरवायच्या चाकावर कठीण वाळूचा ओला लगदा लावून दगड इंचाइंचाने झिजवायचा. दहापट भिंगाखाली अशा कामाची रेघ पाहा: लहान लहान घासण्या एकमेकींवर चढलेल्या, खोली कमीजास्त, कडा मऊ. आजच्या वेगवान हिऱ्याच्या बिटाची रेघ एकसारखी असते, कडेला बारीक टवके उडालेले दिसतात. मग अवघड जागा बघा, ड्रॅगनच्या जबड्याखाली किंवा पायांच्या मधे. चांगल्या जुन्या कामात तिथेही पॉलिश पोचलेलं असतं. घाईच्या नव्या मालात खरखरीत पांढुरकेपणा राहतो.

जमिनीत पुरल्याची खूण मानल्या जाणाऱ्या तपकिरी डागांवर लोक सर्वांत जास्त फसतात. आम्ल, उष्णता आणि रंग वापरून 'पुरलेल्या' जेडची कातडी तयार करता येते. असा रंग तड्यांत आणि नव्या खोबणींत साचतो. डाग नेमका नक्षीच्या रेघांमागून चालला असेल तर सावध व्हा.

एक गंमत सांगायला हवी. प्राचीन घाटाच्या नकला चीनमध्ये सोंग काळापासून (दहावं ते तेरावं शतक) होत आल्या. सम्राट छियानलोंगच्या कारकिर्दीत (१७३६–१७९५) तर त्या शौकाने घडवल्या गेल्या. अशी नक्कल आज स्वतःच मौल्यवान आहे, फक्त ती हान काळातली म्हणून विकू नये.

नजर तयार करायची तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. सर रतन आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या अतिपूर्वेकडच्या कलावस्तूंत जेडही आहे.

वस्तू आणताना जुनी पावती, पेटी, आजोबांचं पत्र, जे असेल ते सोबत आणा. साबणाने धुऊन किंवा तेल लावून आणू नका. आणि मुलाकडे परदेशी पाठवण्याचा विचार असेल तर आधी विचारा: शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. नव्या वस्तूसाठीही, ती पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधीच काढलेला बरा.