कैद्याच्या बिलातला विक्रीकर

अमेरिकेत तुरुंगातल्या दुकानातून, म्हणजे कॅन्टीनमधून, केलेल्या खरेदीवर कैद्याने विक्रीकर भरावा का, हा वाद वरवर चिल्लर पैशांचा वाटतो. त्याची मुळं मात्र महामंदीत आहेत. मालमत्ता कराची वसुली कोसळली, राज्यांच्या तिजोऱ्या आटल्या आणि 1930च्या दशकाच्या सुरुवातीला मिसिसिपीने सर्वसाधारण विक्रीकर आणला. दशक संपेपर्यंत वीसहून अधिक राज्यं त्याच वाटेने गेली. दहा सेंटच्या वस्तूवर कर एका सेंटहूनही कमी. तो घ्यायचा कसा? मग काही राज्यांनी सेंटच्या दहाव्या हिश्श्याची टोकनं काढली. मिसूरीत 1935 साली ती चक्क दुधाच्या बाटलीच्या पुठ्ठ्याच्या झाकणासारखी होती.

टोकनं तुरुंगांतही चालत, पण वेगळ्या कारणाने: कैद्याच्या हाती रोकड पडू नये म्हणून. मिशिगनच्या करकायद्यात ही खूण दिसते. तुरुंगाने स्वतःच दिलेल्या आणि स्वतःच वटवलेल्या कुपनांवर कैद्याने घेतलेल्या मालाला तिथे करमाफी आहे. बाहेरच्या बाजारात न चालणाऱ्या पैशावर बाजाराचा कर कशाला, असा सरळ हिशेब त्यामागे असावा.

केंद्राच्या तुरुंगांची गोष्ट निराळी. राज्याने केंद्र सरकारच्या संस्थेवर कर लादायचा नाही, हे 1819च्या ‘मॅक्युलक विरुद्ध मेरीलँड’ खटल्यात ठरलं. 1940च्या बक कायद्याने केंद्राच्या जागांवर राज्यांना विक्रीकराची मुभा दिली, तरी खुद्द सरकारने अधिकृत ग्राहकाला केलेली विक्री वगळली.

खरा घोळ राज्यांच्या तुरुंगांत. अनेक राज्यांत किराणा करमुक्त, पण गोळ्या-चॉकलेटं आणि शीतपेयं करपात्र. त्यातही बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या समान व्याख्येनुसार ज्यात पीठ आहे ते ‘कँडी’ नव्हे. म्हणजे बिस्किटाचा थर असलेलं चॉकलेट सुटतं, साधं चॉकलेट अडकतं. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अर्थातच कोठडी नव्हती.

गरिबांना मिळणाऱ्या फूड स्टँपवरच्या खरेदीला 1985च्या कायद्याने विक्रीकरातून सोडवलं. कैद्याला ते स्टँप मिळतच नाहीत, कारण त्याचं जेवण सरकार देतं. करसमर्थकांचा मुद्दाही हाच: गरजेचं सगळं फुकट आहे, कॅन्टीन ही वरची चैन. 2018च्या एका अभ्यासाने या म्हणण्याला धक्का दिला. इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स आणि वॉशिंग्टन या राज्यांत कैद्यामागे वर्षाला सरासरी 947 डॉलर कॅन्टीनमध्ये जात होते, आणि त्यातला मोठा वाटा खाण्यापिण्याचा होता. मला स्वतःला करापेक्षा दुकानाची चढवलेली किंमत जास्त खटकते, कारण कर लागतो तिथे तो त्या किमतीवरच लागतो. कॅलिफोर्नियाने 2023च्या कायद्याने कॅन्टीनच्या नफ्याला 35 टक्क्यांचा लगाम घातला, तोही काही वर्षांपुरताच.

विरोधकांच्या हाती जुनी घोषणा आहेच: प्रतिनिधित्व नाही, तर कर नाही. तुरुंगातून सर्वांना मतदान करू देणारी राज्यं दोनच, मेन आणि व्हरमाँट. पण ही घोषणाही जरा चुकीच्या माणसासाठी दिली जाते. नेहमीच्या कामाला मजुरीच न देणारी सात राज्यं 2022च्या एका अहवालात नोंदली आहेत. त्यांत विक्रीकराची सुरुवात करणारं मिसिसिपीही आहे. तिथल्या कैद्याच्या खात्यात जो डॉलर पडतो, तो बहुतेक वेळा आईने नाहीतर बायकोने भरलेला असतो.