मंडूकपर्णी की ब्राह्मी? सावलीच्या जागेत काय लावावं

झाडांखालची, उंच भिंतीच्या आडोशाची, जिन्याच्या कडेची जमीन बहुतेक बागांत उघडीच राहते. गवत तिथे टिकत नाही, फुलझाडं नुसतीच उंच वाढतात आणि जोराच्या सरीत माती धुपून जाते. अशा जागेसाठी ‘ब्राह्मी लावा’ असं हमखास सांगितलं जातं. पण ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी आणि जलब्राह्मी या दोन निरनिराळ्या वनस्पती दिल्या-घेतल्या जातात. त्यांतली एक सावलीत नांदते, दुसरी झुरते. दोन्ही उष्ण, दमट प्रदेशात आपसूक उगवणाऱ्या, जमिनीलगत पसरणाऱ्या, ओल मागणाऱ्या आणि औषधी. म्हणून गोंधळ होतो. रोप हातात घेऊन नीट पाहिलं तर तो लगेच मिटतो.

पान बघा. मंडूकपर्णीचं, म्हणजे सेंटेला एशियाटिकाचं, पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं असतं. कडेला बोथट दाते असतात आणि देठ जिथे मिळतो तिथे पानात खोल खाच असते. पान साधारण २ ते ५ सेंटिमीटर रुंद आणि लांब देठावर उभं. दुसरी वनस्पती जलब्राह्मी, म्हणजे बाकोपा मोनिएरी. तिची पानं इवलीशी, बहुधा १ ते २ सेंटिमीटरची, मांसल, टोकाकडे रुंद आणि बुडाशी निमुळती. देठ जवळपास नसतोच. पानं खोडावर जोडीजोडीने समोरासमोर येतात. खोडही जाडसर, रसाळ आणि बोटांत धरलं की मऊ लागणारं. जलब्राह्मीची पांढरी किंवा फिकट जांभळी, पाच पाकळ्यांची फुलं पानांच्या बेचक्यातून एकेकटी वर येतात आणि सहज दिसतात. मंडूकपर्णीची फुलं शोधावी लागतात. पानांच्या खाली, मातीजवळ, लालसर छटेच्या अगदी बारीक फुलांचा एवढासा झुपका असतो.

कुळंही वेगळी. मंडूकपर्णी कोथिंबीर-गाजराच्या कुळातली, जलब्राह्मी इसबगोलाच्या. जुन्या वैद्यांना हा फरक पक्का ठाऊक होता. सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात बुद्धी आणि आयुष्य वाढवणाऱ्या रसायनांच्या, म्हणजे शक्तिवर्धक औषधांच्या, अध्यायात दोघींचे प्रयोग वेगवेगळे सांगितले आहेत. चरकाने दिलेल्या चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या, रसायनांत ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पीच्या जोडीला मंडूकपर्णीचा स्वरस, म्हणजे ताजा रस, आहे.

बागेच्या दृष्टीने खरा निकाल लागतो तो उजेडावर. मंडूकपर्णीचं मुख्य खोड आखूड आणि मातीत दडलेलं. त्यातून धावती खोडं निघतात, मातीवरून सरपटतात, आणि त्यांच्या प्रत्येक पेराला खाली मुळं नि वर पानांचा झुबका फुटतो. उजेड कमी झाला की ही वनस्पती देठ लांब करते आणि पानाचं पातं रुंद करते, म्हणजे मिळेल तो उजेड टिपायला जास्त पृष्ठभाग. त्यामुळे सावलीत तिची पानं मोठी, गर्द हिरवी होतात आणि एकमेकांवर येऊन माती पूर्ण झाकतात. भर उन्हात तीच मंडूकपर्णी आखूड देठांची, बारीक पानांची, कधी तांबूस छटेची दिसते आणि दुपारी मान टाकते. एकाच रोपाचे दोन तुकडे ऊन-सावलीत लावले, तर काही आठवड्यांनी ती दोन वेगळी झाडं वाटावीत इतका फरक पडतो.

जलब्राह्मी सावलीला उत्तर देते ती खोड ताणून. दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पानं विरळ होतात आणि मधूनमधून माती दिसू लागते. रोप मरत नाही, म्हणून माणूस आशेवर राहतो. पण जमीन झाकण्याचं काम काही होत नाही आणि त्या मोकळ्या जागेत तण घुसतं. तिला रोज चार-पाच तास तरी थेट ऊन हवं. पाण्याच्या बाबतीत मात्र तिची बरोबरी मंडूकपर्णी करू शकत नाही. चिखलात, उथळ पाण्यात, काही काळ पाण्याखालीही ती वाढते आणि थोडं खारट पाणीही सोसते. तळ्याचा उघडा काठ, पाणी साचणारा उन्हातला कोपरा, भोक नसलेली पसरट कुंडी ही तिची जागा. तिथे ती दाट, टवटवीत पसरते आणि भरभरून फुलते.

म्हणून सावलीसाठी माझा कौल निःसंशय मंडूकपर्णीला. पण सावलीसुद्धा एकाच जातीची नसते. पानांतून कवडसे झिरपतात अशी हलती सावली तिला सर्वांत मानवते. सकाळी दोन तास कोवळं ऊन आणि पुढे सावली हेही उत्तम. दाट छताखाली, जिथे दिवसभर अंधारल्यासारखं असतं, तिथे ती पसरते पण विरळ राहते. सर्वांत अवघड असते ती कोरडी सावली, म्हणजे मोठ्या झाडाची तंतुमुळं वरच्या थरातलं सगळं पाणी शोषून घेतात ती जागा. तिथे रोप सुकलं की लोक उजेडाला दोष देतात, आणि खरं कारण तहान असते. अशा ठिकाणी नियमित पाणी देणं शक्य नसेल तर मंडूकपर्णी लावूच नये.

लागवड सोपी आहे. बी सावकाश उगवतं, त्यामुळे मुळं फुटलेल्या पेरांचे तुकडे करून लावणं बरं. जागेवर कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत चार-पाच सेंटिमीटर पसरून वरच्या मातीत हलक्या हाताने मिसळावं. झाडाची जाड मुळं तोडू नयेत आणि खोडाभोवती खताचा ढीग करू नये. साल सतत ओली राहिली की कुजते. तुकडे १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, पेर मातीत आणि पानं वर राहतील असे लावावेत. पावसाच्या सुरुवातीला लावले तर मुळं धरेपर्यंतची काळजी आपोआप घेतली जाते. सुरुवातीचे दोन-तीन महिने तण हाताने काढणं अटळ आहे. हा टप्पा आळसात गेला की पुढे तण आणि मंडूकपर्णी एकमेकांत इतकी गुंततात की वेगळी करणं जिकिरीचं होतं.

रोप घेताना आणखी एका तिसरीपासून सावध राहावं. हायड्रोकोटाइल नावाची गोल पानांची वनस्पती मंडूकपर्णी म्हणून गळ्यात पडू शकते. १७५३ साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने मंडूकपर्णीला त्याच प्रजातीत घातलं होतं, सेंटेला हे आजचं नाव नंतरचं; तेव्हा साम्य वरवरचं नाही. बागांत शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या हायड्रोकोटाइलच्या बहुतेक प्रकारांत देठ पानाच्या मधोमध खालून जोडलेला असतो, छत्रीच्या दांड्यासारखा. मंडूकपर्णीचा देठ पानाच्या कडेच्या खाचेतच मिळतो. ही एक खूण बहुतेक वेळा पुरते.

जम बसल्यावर कामं थोडीच. मोठ्या पानांच्या झाडाखाली पानगळीत गळलेली पानं उचलावीत, नाहीतर त्यांच्या थराखाली मंडूकपर्णी पिवळी पडते. बारीक पानं गळत असतील तर ती तशीच राहू द्यावीत, देठ त्यांतून वर येतात. गोगलगायींना ही दमट सावली फार आवडते. संध्याकाळऐवजी सकाळी पाणी दिलं की रात्री पृष्ठभाग कोरडा राहतो आणि त्यांचा उपद्रव घटतो. रोजच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ती लावू नये, कारण सतत पाय पडलेलं तिला सोसत नाही. शेजारच्या वाफ्यात शिरू लागली तर कडेची धावती खोडं कापून दुसरीकडे लावावीत.

पानं औषधासाठी किंवा खाण्यासाठी तोडायची असतील तर पाणी कुठून येतं ते आधी पाहावं. दोन्ही वनस्पती माती-पाण्यातले शिसं, कॅडमियम यांसारखे जड धातू आपल्या पानांत साठवतात. सांडपाण्यावर किंवा रस्त्याकडेच्या गटाराच्या ओलीवर वाढलेली रोपं कितीही तजेलदार दिसली तरी ती फक्त जमीन झाकण्यासाठी ठेवावीत. पोटात घेण्यासाठी स्वच्छ पाण्यावरचा वेगळा वाफा करावा, आणि औषध म्हणून रोज घ्यायचं असेल तर वैद्यांना पान दाखवूनच घ्यावं, विशेषतः यकृताचा त्रास असलेल्यांनी.