शेतावरची घरगुती खानावळ (मराठवाडा)

गावाबाहेर, बहुतेक वेळा हायवेच्या नाहीतर जिल्हा रस्त्याच्या कडेला, स्वतःच्याच रानात एखादं कुटुंब चालवतं ते जेवणाचं ठिकाण. पाटीवर ढाबा लिहिलेलं असेल, हॉटेल असेल किंवा नुसतं 'चुलीवरचं जेवण', आत गेलं की पद्धत एकच. बाई चुलीपुढं, मालक वाढायला आणि पैसे घ्यायला, पोरगं पाण्याचे जग भरायला आणि म्हातारे बाबा बाजेवर बसून 'कुठले पाव्हणं?' विचारायला. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत अशा खानावळी आहेत. सोलापूर-धाराशिव-बीड-छत्रपती संभाजीनगर हा ५२ नंबरचा हायवे, तुळजापूर-लातूर-नांदेड हा ३६१ नंबरचा, आणि तुळजापूर, अंबाजोगाई, परळी, औंढा नागनाथ या देवस्थानांकडं जाणारे रस्ते, इथं त्या हमखास दिसतात, कारण गिऱ्हाईक म्हणजे गाडी काढून देवाला निघालेली घरंच जास्त.

इथल्या दुपारच्या जेवणाला वेळ लागतो. लोक म्हणतात सर्व्हिस स्लो आहे, पण खरं कारण भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ चिवट धरून ठेवणारा घटक, नसतं, त्यामुळं सकाळी ढीगभर पीठ मळून ठेवलं आणि दुपारी पटापट लाटून काढलं असं चालतच नाही, गरम पाण्यात एक-दोन भाकरीपुरतं पीठ घ्यायचं, परातीत मळायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि उलटून निखाऱ्यावर फुगवायची. पीठ जुनं असलं तर भाकरी चिरते, मळून ठेवलं तरी चिरते, आणि गार झाली की वातड होते. म्हणजे ताटात पडेपर्यंतची प्रत्येक भाकरी एका बाईच्या हातून एकेक करून येणार, आणि तुम्ही सहाजण बसला असाल तर सहाव्याच्या पानात पहिली येईपर्यंत पहिल्याची संपलेली असणार. 'बसा की बाप्पा, वहिनी भाकरी टाकायल्यात' हे मालकाचं उत्तर टाळाटाळ नसते, ती वस्तुस्थिती असते. ज्यांना घाई आहे त्यांनी पोळी मागावी नाहीतर पुढं जाऊन वडापाव खावा.

ज्वारी शक्यतो शाळू, म्हणजे रब्बीची. पाऊस सरता सरता काळ्या रानात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणायची, पाणी द्यायला लागलं नाही तरी येते म्हणून हा भाग तिच्यावर जगला. मोहोळला निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण अजून लोकांच्या तोंडात आहे, जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठानं लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' वाणही काढलंय. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्लेली पिढी अजून गावात भेटते आणि त्यांच्यापुढं भाकरीला नाव ठेवलेलं चालत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र खरिपाची राने सोयाबीननं व्यापली, ज्वारी कमी झाली, आणि जी भाकरी गरिबाची म्हणून हिणवली जायची ती आता बऱ्याच ठिकाणी पोळीपेक्षा महाग पडते. शहरातले पाव्हणे तीच खायला गाडीचं पेट्रोल जाळून येतात!

मेनूकार्ड नसतं. आज काय केलंय ते मालक तोंडी सांगतो आणि त्यातलंच मागायचं. पिठलं, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा हे कायमचं. खारं वांगं मिळालं तर सोडू नये, हिरव्या मिरचीचा आणि शेंगदाण्याचा तो पातळसर रस्सा भाकरी कुस्करून खायचा असतो. थंडीत कोवळ्या मेथीचा कच्चाच घोळाणा येतो, वर तेल, तिखट, दाण्याचं कूट. जवसाची आणि कारळाची चटणी कोपऱ्यात, तेल वेगळं मागून घ्यायचं. लातूरकडं वरण चांगलं असतं आणि निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तुरीच्या डाळीचं असलं तर लोक वरणासाठीसुद्धा थांबतात, या डाळीलाही मानांकन आहे. येसर हा खास इकडचा प्रकार, धान्यं आणि डाळी भाजून मसाल्यासोबत दळतात आणि त्याची आमटी करतात. एरवी ती लग्नाच्या पंगतीतली, पण काही खानावळीत मटणाच्या रस्स्यालाही येसर लावतात, त्यानं रस्सा दाट होतो. नांदेडच्या बाजूला अंबाडी आणि चिंचेचं आंबट वाढत जातं, ती हैदराबादकडची चव, कारण हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, ते सरकारी कागदात संपलं पण जिभेवर राहिलं. पनीर टिक्का आणि मंचुरियन आता कुठंही मिळतं. ज्या पाटीवर चायनीज आणि चुलीवरचं मटण शेजारी शेजारी लिहिलंय तिथं चूल बहुधा फोटोपुरती असते, हे माझं मत.

हंगामाप्रमाणं सगळं बदलतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हुरड्याचे दिवस. तेव्हा रानात आगटी, म्हणजे शेकोटीचा खड्डा, पेटते, कोवळी कणसं भाजून हातावर चोळतात आणि हुरडा लसणाच्या चटणीसोबत, गुळासोबत, दह्यासोबत खातात, मग दुपारच्या जेवणाला पोटात जागाच राहत नाही आणि मालकाला ते चालतं कारण हुरड्याचे पैसे वेगळे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं उलटं होतं. त्या दिवशी शहरं ओस आणि रानं भरलेली, कडब्याच्या खोपीत पांडव म्हणून दगड मांडायचे, भज्जी म्हणजे शेंगा-भाज्यांची मिसळ भाजी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. त्या दिवशी पैसे घेऊन जेवू घालणं मालकाला जडच जातं, बरेचजण खानावळ बंदच ठेवतात. शेतावर परक्याला जेवू घालायची सवय या भागाला आधीपासून आहे, पाटी आणि बिल नंतर आलं.

उन्हाळा अवघड. भाज्या कमी, विहिरीला पाणी नाही, आणि खानावळीला पाणी स्वयंपाकापेक्षा भांडी घासायला जास्त लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षात स्टीलची ताटं जाऊन पत्रावळ्या येतात, हात धुवायच्या नळाखाली बादली लागते आणि तेच पाणी झाडांना जातं.

धंदा म्हणून बघितलं तर हे गणित एका गोष्टीवर उभं आहे, घरातल्या बाईचा पगार कुणी धरत नाही. जागा स्वतःची, सरपण रानातलं, धान्य बऱ्यापैकी घरचं, आणि दिवसाला शंभरभर भाकरी थापणारे हात फुकट, म्हणून थाळी परवडते. बाहेरून रोजानं बाई लावली की लगेच थाळीचा दर वाढतो किंवा भाकरी पातळ होते. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यामुळं काहींनी राहायच्या खोल्या, झोपाळे, बैलगाडीची फेरी असं जोडलं आणि बरं चाललंय. पण खोल्या वाढल्या तरी चुलीपुढं माणूस तेवढाच, आणि सुनेनं तिथं बसायचं नाही म्हटलं की सगळा थाट गॅसवरच्या पोळीवर येतो. तिनं तसं म्हणू नये असं म्हणायला मात्र तोंड नाही, मे महिन्यात दुपारी एक वाजता त्या पत्र्याखाली कुणीही पाच मिनिटं उभं राहून बघावं.

जाणाऱ्यानं काय करावं, तर आधी फोन करावा, किती माणसं ते सांगावं. गावरान कोंबडी खायची असेल तर सकाळीच सांगावं, ती शिजायला ब्रॉयलर कोंबडीपेक्षा बराच वेळ घेते. भाकरी 'अजून अर्धी' अशी मागावी, ताटात टाकून उठू नये, मालक काही बोलत नाही पण बाबा बोलतात. जेवण झालं की लिंबाखाली बाज असते, तिथं आडवं व्हायला कुणी नाही म्हणत नाही, मोटर चालू असली तर पोरं हौदात उतरतातच. गोड शक्यतो नसतं, भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवरून येणार असाल तर तिथला पेढा सोबत घ्यावा, बाबांनाही एक द्यावा. श्रावणात मटण बहुतेक बंद. आणि संध्याकाळी सातनंतर काही खानावळींवर प्यायला बसणाऱ्या मंडळींची गर्दी सुरू होते, तेव्हा बायकापोरं घेऊन जायचं असेल तर दुपारीच जावं.