बर्फ कुणी उचलायचा? न्यूयॉर्कच्या सफाई खात्याची जुनी गोष्ट

न्यूयॉर्कमध्ये मोठ्या हिमवादळाचा इशारा आला की कचऱ्याच्या गाड्यांच्या तोंडाला लोखंडी पातं चढवतात आणि चाकांना साखळ्या बांधतात. कालपर्यंत काळ्या पिशव्या गिळणारी गाडी आज बर्फ ढकलत निघते. माणसंही तीच. त्यामुळे वादळ मोठं असलं की कचरा दारातच साचतो आणि पिशव्या बर्फाखाली गडप होतात.

ही व्यवस्था आपसूक आलेली नाही. एकोणिसाव्या शतकात बर्फ ज्याचा त्याने बघायचा होता. घोड्यांच्या ट्रामवाल्या कंपन्या आपले रूळ मोकळे करून बर्फ कडेला लोटत, दुकानदार तोच परत रस्त्यावर फेकत. रुळांवर मीठ टाकलं की घोड्यांचे पाय खराब होतात म्हणून ओरड वेगळीच. रस्ते झाडणं तर पोलिसांकडे होतं! त्यासाठी स्वतंत्र खातं निघालं ते १८८१ मध्ये.

मग मार्च १८८८ उजाडला. ११ तारखेला रविवारी पाऊस पडत होता, मध्यरात्रीनंतर त्याचा बर्फ झाला. सुमारे २१ इंच पडला, पण खरा घात वाऱ्याने केला. उंच खांबांवरून धावणाऱ्या गाड्या प्रवाशांसकट अडकल्या, तारायंत्राच्या तारा तुटून लोंबकळल्या. माजी सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग वॉल स्ट्रीटवरून घरी निघाले. बग्गीवाल्याने ५० डॉलर सांगितले. साहेबांनी नाकारले आणि चालू लागले. युनियन स्क्वेअरपाशी ते बर्फात रुतले, तिथून कसेबसे सुटले, पण आजारी पडून महिनाभराने वारले. शहरात सुमारे २०० माणसं दगावली. तारा जमिनीखाली घालायच्या, गाड्याही जमिनीखालून न्यायच्या, या मागणीला त्या वादळाने जोर आला. भुयारी रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली.

खात्याला शिस्त लावली ती जॉर्ज वॉरिंग यांनी. यादवी युद्धातले कर्नल, पेशाने सांडपाण्याचे अभियंता. १८९५ मध्ये खात्याची सूत्रं हाती आल्यावर त्यांनी झाडूवाल्यांना पांढरेशुभ्र कपडे घातले. घोड्यांच्या लिदीत उभं राहणाऱ्यांना पांढरे कपडे! लोक हसले, पण रस्ते खरोखर स्वच्छ दिसू लागल्यावर गप्प झाले. बर्फ मात्र तेव्हाही फावड्यानेच भरायचा, घोडागाडीत घालायचा आणि नदीत ओतायचा. नद्यांचं काय होतं हा विचार पुष्कळ उशिरा आला.

पुढे मोटारी, पाती, खनिज मीठ आलं. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, पण पारा उणे ९ सेल्सिअसच्या आसपास गेला की त्याचा जोर ओसरतो, हे चालकांना पाठ असतं.

यंत्रं आली म्हणून काम झालं असं नाही. ९ फेब्रुवारी १९६९ ला सुमारे १५ इंच बर्फ पडला आणि खात्याची जवळपास ४० टक्के यंत्रसामग्री नादुरुस्त निघाली. शहराचा मध्यवर्ती भाग मॅनहॅटन मोकळा झाला, पण क्वीन्स या शहराच्याच दुसऱ्या भागाचे रस्ते कित्येक दिवस तसेच. शहरात ४२ जण मेले, त्यांतले निम्मे क्वीन्समधले. नोबेल मिळालेले संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी राल्फ बंच तिथेच राहत. त्यांनी महापौर जॉन लिंडसे यांना तार करून बस नाही, टपाल नाही, कचराही उचलला जात नाही असं कळवलं. लिंडसे पाहणीला गेले तर त्यांची गाडीच रुतली आणि लोकांनी तोंडावर हुर्यो केली. त्यांच्याच पक्षाने त्या वर्षी त्यांना उमेदवारी नाकारली. दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर ते निवडून आले ही गोष्ट निराळी. तेव्हापासून शहराच्या महापौरांना आभाळ भरून आलं की क्वीन्स आठवतं.

तरी डिसेंबर २०१० मध्ये तेच घडलं. वाटेतच सोडलेल्या मोटारी आणि अडकलेल्या बस यांच्यामागे पातं लावलेल्या गाड्याच खोळंबल्या. त्यानंतर या गाड्यांवर जीपीएस बसलं आणि कुठला रस्ता केव्हा साफ झाला हे नागरिकांना नकाशावर दिसू लागलं.

पदपथ मात्र आजही घरमालकाचाच. बर्फ सकाळी ७ ते दुपारी ४:४९ च्या दरम्यान थांबला, तर चार तासांत वाट मोकळी हवी. आणि तो रस्त्यावर लोटला, तर दंड.