तिवरं विष पचवत नाहीत

"खाडीत काहीही सोडा, तिवरं सगळं पचवतात." मुंबईत मिठी नदीकाठच्या तिवरांबद्दल, म्हणजे खारफुटीच्या झाडांबद्दल, हे हमखास ऐकू येतं. चूक आहे. शिसं, कॅडमियम हे विषारी धातू म्हणजे मूलद्रव्यं. ती कुजत नाहीत, संपत नाहीत. तिवराचं झाड त्यांना बरंचसं दारातच अडवतं. मुळांतून झिरपणाऱ्या ऑक्सिजनमुळे चिखलातल्या लोहाचा तांबूस थर मुळांवर चढतो, त्यात धातू अडकतात. खाली काळ्या चिखलात गंधक त्यांना बांधून ठेवतो. थोडं आत शिरतंच. ते पेशींच्या रिक्तिकांत (पेशीतल्या साठवणीच्या पिशव्यांत) कोंडलं जातं, तर काही जस्त पानांवरच्या ग्रंथींतून मिठासोबत बाहेर पडतं. (पान चाटलं तर खारट लागतं, मिठीकाठचं मात्र चाटू नका!) पान गळलं की आतला धातू परत चिखलात. आणि तोच चिखल उपसून उघड्यावर टाकला, हवा लागली, की गंधकाने धरलेलं विष पुन्हा सुटं होतं.