ओट्स : कण्या, पोहे आणि तो चिकटपणा

ओट्स शिजू लागले की पातेल्याच्या कडेला पांढुरका, बुळबुळीत थर धरतो. तो पाहून अनेक जण नाक मुरडतात आणि 'लहान मुलांच्या खिमटासारखे लागते' म्हणून हा पदार्थ आपल्या घरांतून हद्दपार होतो. ज्या गुणासाठी डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ओट्स खायला सांगतात, तो गुण मात्र नेमका त्या बुळबुळीत थरातच असतो. कोणते ओट्स निवडावेत आणि ते कसे शिजवावेत, याची बहुतेक उत्तरे हा चिकटपणा समजून घेतला की आपोआप मिळतात.

हा चिकटपणा बीटा-ग्लुकन नावाच्या विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या, तंतूमुळे येतो. एक चमचा ओट्स अर्धा पेला पाण्यात रात्रभर भिजत घालावेत आणि सकाळी ते पाणी दोन बोटांत घेऊन चोळून पाहावे. भिजवलेल्या सब्जाच्या पाण्यासारखा गुळगुळीत स्पर्श बोटांना जाणवतो. आपल्या पोटातही हेच घडते. या तंतूचे लांबलचक रेणू पाणी धरून ठेवतात, अन्नाचा लगदा दाट होतो, तो जठरातून सावकाश पुढे सरकतो आणि त्यातील पिष्टमयाची साखर रक्तात एकदम न उतरता हळूहळू उतरते. याच दाट लगद्यात पित्ताम्लेही अडकतात. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. पचनाचे काम झाल्यावर ती बहुतांशी लहान आतड्याच्या शेवटी शोषली जाऊन पुन्हा यकृताकडे परततात. बीटा-ग्लुकनमुळे त्यांतील काही शौचावाटे बाहेर पडली, की ती तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. रोज ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन नियमाने पोटात गेले तर 'वाईट' म्हणून ओळखले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराची जोखीम घटवण्याचा दावा छापायला परवानगी दिली, ती याच ३ ग्रॅमच्या आधारावर. ही घट उपयोगाची आहे; मात्र औषधाची जागा ती घेऊ शकत नाही, आणि ओट्स सुरू केले म्हणून कोणीही कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू नये.

आता हे ३ ग्रॅम म्हणजे नेमके किती ओट्स? ओट्समध्ये बीटा-ग्लुकन साधारण ४ टक्के असते, त्यामुळे दिवसाला सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. आमटीची मध्यम वाटी सपाट भरली तर त्यात ५० ग्रॅमच्या आसपास मावतात. घरातल्या वाटीने एकदा वजन करून पाहिले की अंदाज कायमचा बसतो. न्याहारीला एवढे सगळे एकदम खावेच असे नाही. सकाळी ४० ग्रॅम घेतले आणि उरलेले दळून संध्याकाळच्या थालीपिठात किंवा धिरड्यात घातले तरी हिशेब जुळतो. सातू, म्हणजे जव, यातही हाच तंतू भरपूर असतो. ज्वारी आणि नाचणी ही आपली उत्तम धान्ये आहेत, त्यांच्यात इतर तंतू आणि खनिजे आहेत, परंतु बीटा-ग्लुकन त्यांत नगण्य असते. म्हणून ओट्ससाठी भाकरी सोडण्याचे कारण नाही, आणि 'भाकरी खातो, मग ओट्स कशाला' हा युक्तिवादही तेवढासा बरोबर नाही.

दुकानातल्या फळीवर मात्र गोंधळ उडतो. स्टील कट, रोल्ड, क्विक, इन्स्टंट ही नावे परकी वाटतात, पण त्यांमागची कृती आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. टरफल काढलेला ओटचा दाणा पोलादी पात्यांनी दोन-तीन तुकड्यांत कापला की होतात त्या कण्या, ज्वारीच्या कण्यांसारख्याच. त्यांनाच स्टील कट म्हणतात. तोच दाणा वाफवून रुळांमधून चेपला की होतात ते पोहे, म्हणजे रोल्ड ओट्स. कण्या करून मग त्या पातळ चेपल्या की क्विक ओट्स होतात, आणि आणखी शिजवून, अगदी पातळ करून वाळवले की इन्स्टंट. जाड पोहे आणि पातळ पोहे यांत जो फरक, तोच इथेही आहे. रोल्ड ओट्सचा एक पापुद्रा तळहातावर घेऊन पाहावा: अंडाकृती आकार, मधोमध दाण्याच्या खाचेची पुसट रेघ आणि कडेला तपकिरी कोंडा. पांढऱ्या तांदळात किंवा मैद्यात हा कोंडा उरत नाही. ओट्समध्ये चेपल्यानंतरही तो दाण्यासोबतच राहतो. म्हणून साधे रोल्ड ओट्स हे अखंड धान्यच मानले जाते.

दाणा जितका अधिक मोडलेला, तितका आतला स्टार्च पाचकरसांच्या हाती लवकर लागतो. ओटच्या कण्या आणि ओटचे जाड पोहे, म्हणजे रोल्ड ओट्स, यांचा ग्लायसेमिक निर्देशांक (अन्न रक्तातली साखर किती वेगाने चढवते याचे माप) ५५ च्या आसपास, म्हणजे कमी गटाच्या सीमेवर असतो, तर इन्स्टंट ओट्सचा ७० च्या पुढे जातो. धान्य एकच, उष्मांकही जवळपास सारखेच, आणि तरी रक्तातल्या साखरेची चढण वेगळी. मी स्वतः कित्येक महिने घाईपोटी पाकीट फोडून गरम पाणी ओतायचे ओट्स खात होतो आणि अकराच्या सुमारास पुन्हा भूक का लागते, याचे कोडे पडत होते. जाड पोहे आणि सोबत मूठभर शेंगदाणे सुरू केल्यावर ते सुटले. मधुमेह असणाऱ्यांनी तर ही निवड मनावरच घ्यावी.

चव घातलेल्या पाकिटांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या दोन-तीन नावांत साखर, मध किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पूड) दिसले तर ते पाकीट जागेवर ठेवावे. मसाल्याच्या प्रकारात सोडियमचा आकडा पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे, आणि त्याचा मोठा वाटा न्याहारीतच संपला तर जेवणासाठी उरते काय? चांगल्या पाकिटाच्या यादीत एकच नाव असते: ओट्स.

शिजवण्याचे शास्त्र सोपे आहे. कण्यांना तिप्पट ते चौपट पाणी आणि २५ ते ३० मिनिटे मंद आच लागते. रात्री भिजवून ठेवल्यास वेळ बराच वाचतो. जाड पोह्यांना दुप्पट ते अडीचपट पाणी आणि ७-८ मिनिटे पुरतात. पाणी आधी उकळून मग ओट्स घातले तर पापुद्रे थोडे सुटे राहतात. थंड पाण्यापासून सुरुवात करून ढवळत राहिले तर बीटा-ग्लुकन आणि स्टार्च अधिक सुटून लापशी मऊसूत होते. स्कॉटलंडमध्ये, जिथे थंड आणि ओलसर हवेत हे पीक शतकानुशतके माणसांचे मुख्य अन्न होते, तिथे ती लाकडी दांडक्याने ढवळत करतात. तिथल्या कारब्रिज गावी १९९४ पासून लापशीची जागतिक स्पर्धा भरते आणि तिच्या पारंपरिक प्रकारात ओट, पाणी आणि मीठ एवढेच घालता येते. मिठाची ती चिमूट गोड लापशीतही विसरू नये. तिच्यामुळे ओटची मूळची खमंग चव उठून येते आणि साखरेची गरज कमी भासते. दूध घालायचे तर ओट्स पाण्यात शिजल्यावर, शेवटी घालावे, म्हणजे ते तळाला लागत नाही. ४० ग्रॅम ओट्समध्ये प्रथिने ५ ग्रॅमच्या आसपासच असतात. दूध, दही, अक्रोड किंवा जवसाची पूड यांची जोड दिली की न्याहारी पोटभरीची होते. गोडव्याला पिकलेले केळे किंवा चिरलेली खारीक पुरेशी आहे. गूळ आणि मध यांना आपण सात्त्विक मानत असलो तरी शरीराच्या लेखी तीही साखरच आहे.

ज्यांना गोड नको, त्यांनी जाड ओट्स कोरडेच खमंग भाजून घ्यावेत. चिकटपणा त्याने बाहेरून कमी होतो आणि आतला तंतू शाबूत राहतो. मग मोहरी, हिंग, कढीपत्त्याच्या फोडणीत गाजर, मटार, भिजवलेली मुगाची डाळ परतून उपम्यासारखे शिजवावे. माझा स्वतःचा आवडता प्रकार उन्हाळ्यातला आहे: शिजवून गार केलेले ओट्स ताकात कालवून वर जिरे-मिरचीची फोडणी. आंबील खाणाऱ्या माणसाला ती चव अनोळखी वाटत नाही.

ओट्समध्ये स्निग्धांश ७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गहू-तांदळापेक्षा बराच जास्त असतो, आणि तो खवट करणारे विकरही (एन्झाइम) दाण्यातच असते. कारखान्यात दाणा वाफवतात तो मुख्यतः हे विकर निकामी करण्यासाठी. त्यामुळे पाकिटातले ओट्स अर्धेकच्चे शिजलेलेच असतात, आणि रात्रभर दह्यात किंवा दुधात भिजवून, फ्रिजमध्ये ठेवून न शिजवता खाल्ले तरी चालतात. आपल्याकडचे दूधउत्पादक शेतकरी रब्बीत जो ओट पेरतात, राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' वाण त्यांपैकीच, तो हिरव्या चाऱ्यासाठी असतो. न्याहारीचे ओट्स वेगळ्या प्रक्रियेतून येतात. पाकीट फोडल्यावर ते घट्ट झाकणाच्या बरणीत काढावेत, पावसाळ्यात तर लहान पाकीटच आणावे, आणि कडवट वास आला तर मोह न धरता टाकून द्यावेत.

तंतूंची सवय नसलेल्या पोटाला एकदम मोठी वाटी दिली तर वायू धरतो. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत प्रमाण वाढवावे आणि पाणी पुरेसे प्यावे. ज्यांना गहू आणि जवातील ग्लुटेनचा त्रास, म्हणजे सीलिअ‍ॅक आजार आहे, त्यांनी 'ग्लुटेनमुक्त' असे स्पष्ट छापलेलेच ओट्स घ्यावेत, कारण शेतात आणि गिरणीत गव्हाची भेसळ सहज होते, आणि तेही आपल्या डॉक्टरांना विचारून. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी न्याहारी बदलल्यावर पहिले काही दिवस खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजून ती वहीत लिहून ठेवावी, आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.